गाव तपासायला आम्हाला कोण शिकवणार? : खान्देशातून आरोग्य विद्यापीठास आणि सार्वजनिक आरोग्य विभागास खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई

विषय : जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील सेवेत असलेल्या डॉक्टर, परिचारिका व आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी सामुदायिक वैद्यक व सार्वजनिक आरोग्याचे प्रगत प्रशिक्षण खान्देशातच सुरू करण्याबाबत.

महोदय,

मी सातपुड्याच्या पायथ्याशी आणि माथ्याशी सत्तावीस वर्षे वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केले. मी रुजू झाले तेव्हा अक्राणी महाल धुळे जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा जिल्हा झाला आणि आमच्या अहवालांचे पत्ते बदलले. आता मी निवृत्त आहे. सेवेत असताना जे बोलायला हवे होते ते मी बैठकांमध्ये तुटक तुटक बोलले, आणि ते बैठकांच्या इतिवृत्तात कुठेतरी विरून गेले. म्हणून हे पत्र लिहीत आहे, आणि ते उघडपणे लिहीत आहे, कारण हा प्रश्न केवळ माझ्या अनुभवाचा नसून आज डोंगरावर काम करणाऱ्या प्रत्येक तरुण डॉक्टरचा, आरोग्य सेविकेचा आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचा आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे. आम्हाला रुग्ण तपासायला साडेपाच वर्षे शिकवले गेले. गाव तपासायला कोणी नीट शिकवले नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात बसलेल्या माणसाच्या हाती मात्र शासन गावच सोपवते.

याचा अर्थ काय होतो, हे मला एका पावसाळ्याने शिकवले. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, जुलै महिन्यात, माझ्या केंद्राच्या हद्दीतील एका गावात गॅस्ट्रोची साथ आली. गावाला दोन पाडे होते, एक खालचा आणि एक टेकडीवरचा. आम्ही शाळेच्या खोलीत खाटा टाकल्या, सलाईन लावली, ओआरएसची पाकिटे वाटली, विहिरीत पाणी शुद्ध करणारी टीसीएल पावडर टाकली. आरोग्य सेवक रोज सकाळी विहिरीच्या पाण्यात क्लोरीन आहे का हे पाहणारी ओटी टेस्ट करायचा आणि नळीत पिवळा रंग दिसला की नोंद करून सही करायचा. कागदावर सगळे बरोबर होते, तरी रुग्ण येतच राहिले. सहाव्या दिवशी दोन वर्षांचे एक मूल आमच्यापर्यंत झोळीतून पोचले, आणि आम्ही त्याला वाचवू शकलो नाही. त्यानंतर दोन दिवसांनी एका म्हातारीने मला सहज सांगितले की वरच्या पाड्याची माणसे पावसात विहिरीपर्यंत उतरतच नाहीत, ती नाल्यातल्या झिऱ्याचे पाणी पितात. ज्या विहिरीचे पाणी आम्ही रोज तपासत होतो, ते पाणी आजारी पडणारी माणसे पीतच नव्हती.

अनेक वर्षांनी मला साथरोगांचे दहा दिवसांचे एक प्रशिक्षण मिळाले. तेथे मी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने लाइन लिस्ट तयार केली : नाव, वय, पाडा, पहिला जुलाब झाल्याची तारीख, पाण्याचा स्रोत. परत आल्यावर मी जुने बाह्यरुग्ण नोंदणी रजिस्टर कपाटातून काढले आणि त्या पावसाळ्यातील रुग्ण तारखेप्रमाणे आणि पाड्याप्रमाणे मांडले. तिसऱ्या दिवसानंतरचा प्रत्येक नवा रुग्ण वरच्या पाड्याचा होता. ते माझ्याच अक्षरात, निळ्या शाईत, लिहिलेले होते. पाड्याचे नाव मी रोज लिहीत होते आणि ते रोज माझ्या डोळ्यांसमोर होते, पण त्याकडे कसे पाहायचे हे मला ठाऊक नव्हते. ज्या कौशल्याने ते मूल कदाचित वाचले असते, ते शिकायला एक दुपार पुरली असती. हे वाक्य लिहिताना आजही माझा हात जड होतो.

महोदय, सामुदायिक वैद्यक हा विषय एमबीबीएसला नाही असे मी म्हणत नाही. तो आहे, आणि आंतरवासितेतही (इंटर्नशिपमध्ये) त्यासाठी १२ आठवडे राखून ठेवलेले आहेत. परंतु विद्यार्थी तो शिकतो तेव्हा त्याच्यासमोर गाव नसते. आणि गाव समोर येते तेव्हा शिकवणारा जवळ नसतो. पदव्युत्तर प्रवेशाच्या तयारीत आंतरवासितेचे ते आठवडे कसे जातात, हे आपण दोघेही जाणता. पुढे तोच डॉक्टर तीस हजार लोकसंख्येच्या, आणि डोंगराळ आदिवासी भागात वीस हजारांच्या, आरोग्य केंद्राचा प्रमुख होतो. समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून नेमल्या जाणाऱ्या नर्सिंग किंवा आयुर्वेद पदवीधरांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम असतो, आणि तो उपयुक्तही आहे, पण त्यानंतर वर्षानुवर्षे त्यांच्या वाट्याला जे प्रशिक्षण येते ते कार्यक्रमनिहाय असते. क्षयरोगाचा एक दिवस, कुष्ठरोगाचा एक दिवस, नव्या अ‍ॅपचा अर्धा दिवस, तेही पुष्कळदा व्हिडिओ कॉन्फरन्सवर. प्रत्येक दिवशी नवा फॉर्म हातात पडतो. भरलेल्या फॉर्मकडे पाहून स्वतः निष्कर्ष कसा काढायचा, हे मात्र त्यांतल्या एकाही दिवशी शिकवले जात नाही.

साथरोग सर्वेक्षणाच्या एस, पी आणि एल फॉर्मचे उदाहरण घ्या. गावातील आरोग्य सेविका लक्षणांवरून संशयित रुग्णांचा एस भरते, डॉक्टर तपासून केलेल्या संभाव्य निदानाचा पी भरतो, प्रयोगशाळा चाचण्यांच्या निकालांचा एल भरते. २०२१ पासून ही माहिती संगणकीय मंचावर थेट चढते. माहिती वर जाण्याचा रस्ता इतका गुळगुळीत झाला आहे की ती खालीच, जिथे जन्मली तिथेच, वाचली गेली पाहिजे याचा विसर पडला आहे. जिल्ह्याला आकडा कळेपर्यंत पाड्यावर चार दिवस उलटलेले असतात. पाड्यावरच्या माणसाला तो आकडा वाचता आला, तर पहिल्याच दिवशी झिऱ्याकडे पावले वळतील.

आणि वाचण्याची ही क्षमता आमच्या लोकांमध्ये नाही असे कृपया समजू नका. माझ्या एका उपकेंद्रातील आरोग्य सेविकेची वही आजही माझ्याजवळ आहे. मोहाच्या फांदीला स्प्रिंगचा वजनकाटा टांगून ती बालकांची वजने घ्यायची. आमच्या भागातील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गुजरातेत ऊसतोडीला जातात, होळीला काही दिवस घरी येतात आणि पुन्हा निघून जातात. शासनाच्या नोंदवहीत प्रत्येक मुलापुढे जन्मतारीख आणि लसींच्या तारखा होत्या. हिने मात्र स्वतःच्या वहीत मुलांची मांडणी जन्ममहिन्याप्रमाणे केली आणि पावसाळ्यात जन्मलेल्यांची नावे लाल शाईने लिहिली. मी विचारले, हे कशासाठी? ती म्हणाली, मॅडम, ऑगस्टात जन्मलेल्या बाळाची चौदाव्या आठवड्याची लस नोव्हेंबरात येते, तेव्हा ते उसाच्या फडावर असते. जूनमध्ये जन्मलेल्याचा नववा महिना मार्चमध्ये भरतो, तेव्हा गोवर-रुबेलाची लस चुकते. लाल नावांकडे मी होळीच्या आठवड्यात आधी जाते.

एका बारावी शिकलेल्या बाईने, कोणाच्याही मार्गदर्शनाशिवाय, जन्मगटांचा अभ्यास केला होता आणि त्यावरून आपल्या कामाचे वेळापत्रकही बदलले होते. मासिक अहवालात मात्र तिच्यासाठी एकच रकाना होता : पूर्ण लसीकरण झालेल्या बालकांची संख्या. तिच्या वहीबद्दल तिला वरून कधी कोणी विचारले नाही, आणि त्यात मीही आले, कारण मला ती वही अपघाताने दिसली. तिला एक वर्षाचे नीट शिक्षण मिळाले असते, तर त्या वहीतून अख्ख्या तालुक्याचा स्थलांतर-लसीकरण आराखडा उभा राहिला असता, एवढे मी खात्रीने सांगते.

ही मागणी नवी नाही. १९४६ साली भोर समितीने डॉक्टरांच्या शिक्षणात प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण असावे, जेणेकरून 'सामाजिक वैद्य' घडतील, अशी शिफारस केली होती. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने प्रत्येक राज्यात सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचा स्वतंत्र संवर्ग असावा असे म्हटले आणि २०२२ मध्ये केंद्राने त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वेही दिली. तामिळनाडूत सार्वजनिक आरोग्याचे स्वतंत्र संचालनालय आणि स्वतंत्र संवर्ग फार पूर्वीपासून आहे. आपल्याच राज्यात १९७० पासून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना शिकवून काय साधता येते ते दाखवले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांतील स्त्रियांना घरच्या घरी नवजात बालकाची काळजी घ्यायला शिकवले, आणि त्या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या यशात औषधांचा वाटा होताच. पण शिकवणारा माणूस पुन्हा पुन्हा त्याच गावात येत राहिला, चुका पाहून सुधारत राहिला, ही गोष्ट मला त्याहून मोठी वाटते.

मग हे खान्देशातच का, असा प्रश्न आपण विचाराल. केंद्राने विकासात मागे म्हणून निवडलेल्या राज्यातील चार 'आकांक्षित' जिल्ह्यांत नंदुरबार आहे आणि २०११ च्या जनगणनेनुसार येथील दर दहांपैकी जवळजवळ सात माणसे अनुसूचित जमातींची आहेत, हे उत्तर सर्वांना पाठ आहे. माझे उत्तर थोडे वेगळे आहे. सार्वजनिक आरोग्याचा जवळजवळ प्रत्येक मोठा धडा या तीन जिल्ह्यांत प्रत्यक्ष पाहायला मिळतो. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील पहिला बर्ड फ्लू नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत सापडला, आणि २०२१ मध्ये तो तेथे पुन्हा आला. पहिल्या वेळी घरोघर ताप-खोकल्याची चौकशी करणाऱ्या पथकांमध्ये आमच्यापैकी अनेक जण होते. कोंबड्यांचा रोग माणसांच्या डॉक्टरने का समजून घ्यावा, हे तेव्हा आम्हाला एका रात्रीत शिकावे लागले. सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे नर्मदाकाठची गावे पाण्याने तुटली आणि तेथे आरोग्यसेवा बोटीतून द्यावी लागते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि केळीच्या बागांत राबणाऱ्या मजुराला उष्माघात कोणत्या तासाला गाठतो हे यावल-रावेरच्या आरोग्य सेवकाला विचारले तर तो अंदाजाने सांगतो. पण ती नोंद ठेवून ग्रामपंचायतीशी आणि बागाईतदारांशी कामाच्या वेळा बदलण्याची बोलणी करणे हे त्याचे काम आहे, असे त्याला कोणी सांगितलेले नाही.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल मला थोडे अधिक लिहू द्या, कारण तेथे अर्धवट प्रशिक्षण प्रत्यक्ष इजा करते. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, २०४७ हे त्याचे लक्ष्यवर्ष आहे, आणि आमच्या भागात तपासण्या मोठ्या प्रमाणावर झाल्या. सोल्युबिलिटी चाचणीत रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच कळते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या रक्तचाचणीनंतर कळते. हा फरक न समजावता पाड्यावर नुसते 'पॉझिटिव्ह' म्हणून सांगितले गेले, की काय होते ते मी पाहिले आहे. एकोणीस वर्षांच्या एका पावरा मुलीने आपले कार्ड कपड्यांच्या ट्रंकेत तळाशी दडवले होते. ती केवळ वाहक होती, तिला कोणताही आजार नव्हता, पण घरच्यांनी तिचे लग्न होणार नाही असे धरून दोन वर्षे काढली. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता बाळाला आजार होण्याची असते, आणि एकच जण वाहक असेल व दुसऱ्याचे हिमोग्लोबिन निर्दोष असेल तर बाळाला हा आजार होत नाही, एवढे तिच्या भाषेत, चार दाण्यांचा खेळ मांडून, सांगायला मला वीस मिनिटे लागली. समुपदेशनाला प्रशिक्षण लागते. ते तपासणीच्या किटबरोबर येत नाही.

भाषेचा मुद्दा याच ओघात येतो. 'पोऱ्याना आंगमा ताप शे' असे अहिराणीत सांगणारी आई धुळ्या-जळगावकडे भेटते. सातपुड्यात पावरी, भिली, मावची बोलणारी आई भेटते. बाहेरून आलेला तरुण डॉक्टर दुभाष्यामार्फत विचारतो आणि दुभाषी तीन वाक्यांचे एक वाक्य करतो. गेलेल्या दोन वाक्यांतच बहुधा झिऱ्याचा उल्लेख असतो. सार्वजनिक आरोग्याच्या कोणत्याही अभ्यासक्रमात स्थानिक बोलीला श्रेयांक असावेत, असे माझे ठाम मत आहे.

आता प्रत्यक्ष मागणी. सेवेत असलेल्यांना तीन वर्षांच्या एमडीसाठी बाहेर पाठवणे हा एक मार्ग आहे आणि तो चालू राहावा. पण त्यातून तालुक्याला वर्षाला एखादाच माणूस मिळतो, आणि डोंगरावरील केंद्र तोवर रिकामे राहते. त्याऐवजी एक वर्षाचा, नोकरी न सोडता करता येणारा, विद्यापीठाची मान्यता असलेला अभ्यासक्रम खान्देशात सुरू करावा. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुने आहे; जळगाव आणि नंदुरबारची शासकीय महाविद्यालये अलीकडची आहेत. तिन्ही ठिकाणी सामुदायिक वैद्यकाचे विभाग आहेत. दर महिन्याला दोन किंवा तीन दिवस यांपैकी एका ठिकाणी वर्ग व्हावेत, आणि उरलेला महिना प्रत्येकाने आपल्याच हद्दीत, आपल्याच नोंदवह्यांवर, ठरवून दिलेले काम करावे. महाविद्यालयातील एका शिक्षकाने महिन्यातून एकदा तेथे येऊन ते पाहावे. ही शेवटची अट मी सर्वांत महत्त्वाची मानते. ती वगळली तर हाही एक प्रमाणपत्र वाटप कार्यक्रम होईल.

तुकडी मिश्र असावी. एका केंद्रातून डॉक्टर, एक आरोग्य सेविका किंवा समुदाय आरोग्य अधिकारी, एक आरोग्य सहायक आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ असे एकत्र यावेत, कारण साथ आल्यावर त्यांना एकत्रच धावायचे असते. पदवीप्रमाणे प्रमाणपत्राचे स्तर वेगळे ठेवा, पण बाक वेगळे ठेवू नका. साथरोगशास्त्र आणि जीवसांख्यिकी शिकवताना गणिताची भीती घालण्याऐवजी आपल्याच केंद्राचे मागील तीन वर्षांचे रुग्ण मांडायला लावावेत. माता मृत्यू अन्वेषण शिकवताना निर्णयाला झालेला उशीर, वाहनाला झालेला उशीर आणि रुग्णालयात पोचल्यावर झालेला उशीर असे तिन्ही उशीर त्या कुटुंबाच्या ओट्यावर बसून शोधायला शिकवावे, आणि ते शोधताना दोषी कोण हा प्रश्न बाजूला ठेवायलाही शिकवावे. भीतीपोटी लिहिलेल्या अन्वेषण अहवालातून कोणीही काही शिकत नाही. रुग्ण कल्याण समितीचा निधी कसा खर्चावा, पाणीपुरवठा आणि महिला बालविकास या खात्यांशी कसे बोलावे, हेही अभ्यासक्रमात हवे. परीक्षा वस्तुनिष्ठ प्रश्नांची नको. प्रत्येक गटाने आपल्या हद्दीतील एक प्रश्न निवडावा, वर्षभर त्यावर काम करावे आणि ग्रामसभेसमोर तो मांडावा. गुणांचा मोठा भाग त्याला असावा.

या कामाला हात देणाऱ्या दोन व्यवस्था आपल्याकडे आधीच आहेत. नव्या अभ्यासक्रमानुसार एमबीबीएसचा विद्यार्थी पहिल्या वर्षापासून कुटुंबे दत्तक घेतो, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा स्तरावर सेवा करावी लागते. खान्देशातील महाविद्यालयांनी दत्तक कुटुंबे शहरालगतच्या सोयीच्या वस्तीत न घेता निदान काही डोंगरातील पाड्यांवर घ्यावीत, आणि तेथे जमलेली माहिती त्या उपकेंद्राच्या सेविकेच्या हाती द्यावी. सामुदायिक वैद्यकाच्या निवासी डॉक्टरांचे ते तीन महिने तालुका आरोग्य कार्यालयात जावेत. यासाठी वेगळा पैसा लागत नाही.

एक अडचण मी स्वतःहून सांगते. जेथे दोन डॉक्टरांपैकी एकच हजर असतो, तेथे महिन्यातले तीन दिवस कोणाला सोडायचे? या अडचणीला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. भरारी पथकाचे, म्हणजे आदिवासी भागातील फिरत्या पथकाचे, डॉक्टर त्या दिवसांपुरते केंद्रावर बसवता येतील, आणि शेजारच्या दोन केंद्रांनी आळीपाळीने जबाबदारी घेतल्यास निभावेल असा माझा अनुभव आहे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे : शिकून आलेल्या माणसाला त्याचा उपयोग करू दिला पाहिजे. तालुका आरोग्य अधिकारी पदासाठी या प्रशिक्षणाला स्पष्ट प्राधान्य द्या, आणि प्रशिक्षण घेतलेल्यांची निदान तीन वर्षे तेथून बदली करू नका. शिकलेला साथरोगतज्ज्ञ रक्तपेढीत किंवा अपघात विभागात बसवला गेल्याची उदाहरणे माझ्या माहितीत आहेत.

पावसाळा जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात सातपुड्यात पोचतो. पहिली तुकडी लहान असली तरी चालेल. अक्राणी, अक्कलकुवा, साक्री, शिरपूर आणि चोपडा या पाच तालुक्यांतून एकेका केंद्राचा गट घेतला तरी पुरे. पण तिचा पहिला वर्ग एप्रिलमध्ये व्हावा आणि पहिला पाठ पाण्याच्या स्रोतांचा नकाशा काढण्याचा असावा, म्हणजे पाऊस येण्यापूर्वी प्रत्येक झिरा कागदावर आलेला असेल. त्या वर्गात विनामोबदला शिकवायला मी तयार आहे. माझे ते जुने रजिस्टर आता केंद्राच्या अभिलेखात आहे, पण त्यावरून मी काढलेली लाइन लिस्ट माझ्याजवळ आहे, आणि त्या सेविकेची लाल शाईची वहीही आहे. चर्चेसाठी बोलावल्यास दोन्ही घेऊन मी नाशिकला किंवा मुंबईला, सांगाल त्या दिवशी, येईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी,
शहादा, जि. नंदुरबार